ऑइल पेंट वाळत नाही तेव्हा: पावसाळा, सागवानी दार आणि घाई

प्रश्न असा आहे. नागपुरात ऑगस्टच्या मध्यावर नव्या सागवानी दाराला आणि खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना एकाच डब्यातला ऑइल पेंट दिला. पहिला हात संध्याकाळी, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी. आज चौथा दिवस. जाळ्या खणखणीत वाळल्या, पण दार अजून बोटाला चिकटतं आणि बिजागरीच्या बाजूला रंगावर सुरकुत्या आल्या आहेत. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आहेत. कोणी रंगात पेट्रोल घालून तिसरा हात द्यायला सांगतं, कोणी दारासमोर हॅलोजन हीटर लावायला. रंग लवकर वाळावा म्हणून काय करावं?

यातलं काहीच करू नका. तिसरा हात तर मुळीच नको. खालचा थर ओला असताना वर नवा रंग चढवला की खालच्याची वाट कायमची बंद होते.

उत्तराची किल्ली प्रश्नातच आहे. डबा एक, हवा एक, माणूस एक, तरी जाळ्या वाळल्या आणि दार वाळलं नाही. म्हणजे सगळा दोष पावसाच्या माथी मारता येत नाही. दाराच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या होत्या: लाकूड सागवानाचं आणि थर जाड. त्यात दोन हातांतलं अंतर जेमतेम रात्रीचं.

ऑइल पेंट कपड्यासारखा वाळत नाही, हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिल्या काही तासांत त्यातला टर्पेंटाइन उडून जातो. तेव्हा रंग बोटाला लागत नाही आणि आपल्याला वाटतं, वाळला. खरं काम त्यानंतर सुरू होतं. रंगातलं तेल, म्हणजे आजकालच्या इनॅमलमधलं (दुकानात मिळणारा ऑइल पेंट तो हाच) अल्किड रेझिन, हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं आणि त्याचे कण एकमेकांत गुंतत जाऊन कडक पापुद्रा तयार होतो. आधी एक द्रव बाहेर पडायला हवा, मग हवा आत शिरायला हवी. या दोन्ही वाटा मोकळ्या असतील तर रंग वाळतो. चांगल्या हवेत, बेताच्या थरात ३ ते ४ तासांत त्यावर धूळ चिकटणं थांबतं, १८ ते २४ तासांत तो पुढच्या हाताला तयार होतो आणि नखाचा व्रण उमटू नये इतका कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. पावसाळ्यात हे सगळे आकडे दीडपट ते दुप्पट धरा.

आता सागवान. वाळवी सागाला सहसा लागत नाही, कारण त्यात स्वतःचं नैसर्गिक तेल आणि काही द्रव्यं असतात. पण हीच द्रव्यं ऑक्सिजनची ती क्रिया अडवतात. म्हणून नव्या, ताज्या रंधा मारलेल्या सागावर थेट दिलेला ऑइल पेंट आठ-आठ दिवस चिकट राहू शकतो, आणि शेजारची लोखंडी जाळी त्याच रंगाने दुसऱ्या दिवशी वाळते. चंद्रपूर-बल्लारशाकडच्या सागाची दारं नागपुरात घरोघर आहेत, त्यामुळे ही तक्रार इथे नेहमीची. यावर उपाय रंग देण्याच्या आधी करायचा असतो. रंध्याचं आणि घासकागदाचं काम झालं की सुती कापड एनसी थिनरमध्ये (लॅकर पातळ करायचा, झटकन उडणारा थिनर) ओलं करून लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसायचं. कापडावर पिवळट-तपकिरी डाग येईल. कापड बदलत राहायचं आणि डाग फिका होईपर्यंत दोन-तीनदा पुसायचं. मग १५ ते २० मिनिटं थांबून त्याच तासाभरात प्रायमर लावायचा, कारण उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. तेल फार सुटणारं लाकूड असेल तर मध्ये चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांचा, एक पातळ हात द्यावा. १ लिटर स्पिरिटमध्ये १२५ ते १५० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवायचा, वरचा नितळ भाग गाळून घ्यायचा, दुपारच्या कोरड्या वेळी लावायचा आणि दोन तासांनी २२० नंबरच्या कागदाने हलका हात फिरवायचा. ओल्या हवेत चपडा पांढरट पडतो, म्हणून भर पावसात तो टाळलेला बरा.

थराचं गणित तर बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते रंग न वाळण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. एक लिटर इनॅमल एका हाताला ११० ते १३० चौरस फूट पुरायला हवा. सात बाय तीन फुटांचं दार दोन्ही बाजूंनी आणि कडा धरून साधारण ४५ चौरस फूट भरतं. म्हणजे एका हाताला ३५० ते ४०० मिली रंग. तुमचा एका हातातच पाऊण लिटर संपला असेल तर थर दुप्पट झाला. दुप्पट थराला दुप्पट वेळ लागतो असंही नाही, बराच जास्त लागतो. वरचा भाग आधी वाळून साय धरतो आणि त्या सायीखाली उरलेल्या रंगापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. वरची साय ऑक्सिजन घेऊन फुगते, खालचा मऊ रंग तिला धरून ठेवू शकत नाही, म्हणून ती चुरगळते. बिजागरीच्या बाजूला आलेल्या सुरकुत्या त्याच. ब्रश तिथल्या खाचेत टेकतो, रंग साठतो आणि खाली ओघळतो.

तुमच्या दाराचं आज काय करायचं, ते तपासून ठरवा. दाराच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा घट्ट दाबा आणि पाव वळसा फिरवा. फक्त पुसट ठसा उमटला आणि रंग सरकला नाही, तर रंग वाळतो आहे, फक्त हळू. त्याला हवा द्या, आणखी तीन-चार दिवसांत तो वाळून येईल. अंगठ्याखाली वरचा पापुद्रा सरकला आणि आत ओला रंग दिसला, तर थर जाड आहे. आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीने दोन-तीनदा पुसताच रंग थेट लाकडापर्यंत सुटून आला, तर तो लाकडावर धरलेलाच नाही. तो कितीही वाट पाहिली तरी धरणार नाही.

पहिल्या प्रकारात दार शक्य तितकं उघडं ठेवा, खाली लाकडी खुंटी किंवा विटेचा तुकडा लावून. बंद दाराच्या कडेला आणि चौकटीच्या खाचेत हवाच लागत नाही, त्यामुळे तिथला रंग सगळ्यात शेवटी वाळतो आणि दार चौकटीला चिकटून पापुद्रा निघतो. रात्री दार बंद करणं भागच असेल तर कडेवर टाल्कम पावडर बोटाने चोळा किंवा खाचेत बटर पेपरच्या पट्ट्या ठेवा.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे थर जाड असेल तिथे आणि सुरकुत्या आलेल्या भागाला, सणापर्यंत हात लावू नका. तो पूर्ण कडक होऊ द्या, दोन आठवडे लागले तरी चालतील, मग १८० नंबरच्या वॉटरपेपरने पाणी लावून सपाट घासा आणि पातळ हात द्या. मऊ असताना घासलं तर कागद बरबटतो आणि रंगाच्या गुठळ्या होतात.

तिसऱ्या प्रकारात खरवडण्याला पर्याय नाही. आठ दिवसांत हे बसतं, पण रोज काम हवं. पहिल्या दिवशी पत्र्याच्या खरवडणीने रंग काढा, उरलेला टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा, रात्रभर उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी एनसी थिनरने पुसून लगेच वूड प्रायमरचा पातळ हात. तिसरा दिवस मोकळा सोडा. चौथ्या दिवशी २२० ने घासून, धूळ पुसून इनॅमलचा पहिला हात. सहाव्या दिवशी ३२० ने हलकं घासून दुसरा हात. सणाच्या दिवशी दार बोटाला लागणार नाही, पण कोवळंच असेल, म्हणून ओल्या आंब्याच्या पानांचं तोरण थेट रंगावर टेकू देऊ नका. मधला एखादा दिवस पावसाने गेला तर दुसरा हात सण झाल्यावर द्या. एका हाताचं पण वाळलेलं दार सणाला जास्त शोभतं.

पेट्रोलबद्दल. ते झटकन उडतं म्हणून रंग वाळल्याचा भास होतो, पण तेल पक्कं होण्याच्या क्रियेला त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट ब्रशचे वळ राहतात, चकाकी जाते आणि खोलीभर त्याची वाफ साचते. ती वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत किंवा देव्हाऱ्यातल्या निरांजनापर्यंत जाऊ शकते. रॉकेल, म्हणजे आपल्याकडचं मातीतेल, याच्या अगदी उलट. ते सावकाश उडतं, थोडं थरातच राहतं आणि रंग आठवडाभर मऊ ठेवतं. स्वस्त पडायचं म्हणून ते टर्पेंटाइनच्या नावाखाली सर्रास वापरलं जायचं. संशय आला तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून ठेवा: चांगला टर्पेंटाइन डाग न ठेवता उडून जातो, रॉकेलचा तेलकट डाग बराच वेळ रेंगाळतो. एनसी थिनर पुसायला चांगला, पण इनॅमलमध्ये मिसळायचा नाही. तो खालचा कोवळा थर उचलतो. विदर्भात जवस पिकतो, घाण्याचं तेल सहज मिळतं, आणि जुन्या ऐकिवातून कोणी तेही रंगात घालतं. कच्चं जवसाचं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. चकाकी वाढेल, वाळणं मात्र लांबेल.

मिसळायचं ते फक्त मिनरल टर्पेंटाइन, आणि तेही मोजून. ब्रशसाठी लिटरला ५० ते १०० मिली पुरे. डबा उघडल्यावर साय आली असेल तर ती कालवू नका. कडेने कापून अखंड उचला, रंग तळापासून पाच मिनिटं ढवळा आणि मलमलच्या कापडातून गाळा.

ड्रायरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण लवकर वाळण्याचा खरा रासायनिक उपाय तोच आहे आणि तोच सर्वांत जास्त बिघडवला जातो. ड्रायर म्हणजे कोबाल्ट, झिर्कोनियम, कॅल्शियम अशा धातूंचे तेलात विरघळणारे क्षार. कोबाल्ट वरचा पृष्ठभाग वाळवतो, झिर्कोनियम आतपर्यंत वाळवायला मदत करतो, कॅल्शियम दोघांना आधार देतो. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक इनॅमलमध्ये हे मापात घातलेलेच असतात. ताज्या डब्यात वरून ड्रायर घालायची गरज नसते. गरज पडते ती दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या डब्यात, आणि काळ्या किंवा गडद मरून छटांत. तिथे रंगद्रव्याचे कण ड्रायर स्वतःवर ओढून घेतात आणि तेलासाठी तो उरत नाही. अशा वेळी ६ टक्क्यांचा कोबाल्ट ड्रायर असेल तर लिटरला ३ ते ४ मिली, फार तर चहाचा एक छोटा चमचा. मिश्र ड्रायरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, तेच पाळा. घातल्यावर पाच मिनिटं ढवळा, अर्धा तास मुरू द्या, आणि तेवढाच रंग बनवा जेवढा त्या दिवशी संपेल. हातमोजे घाला, कोबाल्ट अंगाला लागू देण्याची वस्तू नाही. "थोडं जास्त घातलं तर लवकर वाळेल" म्हणून झाकणभर ओतलं की वरची साय तासाभरात धरते आणि आतला रंग तसाच कोंडला जातो. पुन्हा त्याच सुरकुत्या, आणि वर्षभरात पिवळेपणा, ठिसूळपणा.

आतपर्यंत वाळवण्याचं काम पूर्वी शिशाचे ड्रायर करायचे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) केली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. नागपूरच्या महाल-इतवारी भागातल्या जुन्या वाड्यांच्या दारांवर मात्र त्याआधीचे अनेक थर आहेत. ते कोरडे घासू नका. पाणी लावून घासा, खाली कागद अंथरा, आणि घरात लहान मुलं असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा.

आता हवा. बंद खोलीत रंगाची वाफ साचली की नवी वाफ उडायची थांबते. शिवाय डब्यात साय धरू नये म्हणून रंगात एक द्रव्य घातलेलं असतं. ते उडून गेल्याशिवाय ड्रायर नीट कामाला लागत नाही. म्हणून गरम करण्याआधी हवा खेळती करा. टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा आणि समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. फॅन जमिनीजवळ असेल तर जास्त चांगलं, वाफ खालीच असते. पहिले चार तास वाऱ्याचा झोत थेट रंगावर नको. धूळ बसते आणि साय लवकर धरते. नंतर सहा-आठ फुटांवरून थेट वारा चालेल. पाऊस लागून राहिला असेल तर दुसऱ्या दिवसापासून खोली बंद करून एसी ड्राय मोडवर चालवता येतो. पहिल्या दिवशी तो लावला तर वास आणि वाफ खोलीतच फिरत राहते.

उष्णतेचा फायदा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की वाळण्याची क्रिया ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होते. पण हॅलोजन किंवा हेअर ड्रायर ओल्या रंगावर धरला की आतला टर्पेंटाइन उकळून फोड येतात, आणि वाफेत तापलेली तार म्हणजे आगीला आमंत्रण. दुसऱ्या दिवशी, वास पूर्ण गेल्यावर, तीन-चार फुटांवरून हाताला कोमट लागेल इतकीच ऊब दिली तर चालते. त्यापेक्षा जास्त नको.

नागपूरच्या तिन्ही ऋतूंत चूक वेगवेगळी होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लोकांना वाटतं, रंग देण्याचा हाच मोसम. घरात मात्र कूलर चालू असतो, आणि कूलर म्हणजे खोलीत पाण्याची वाफ सोडणारं यंत्र. बाहेर हवा कोरडी ठणठणीत आणि आत रंग चिकट, याचं कारण तेच. रंगाच्या दिवशी पंप बंद करा, खस पूर्ण सुकू द्या, झटकून धूळ काढा, आणि नुसता पंखा चालवा. कोरडा कूलर हा घरातला सगळ्यात मोठा फॅन आहे. बाहेरचं फाटक मात्र दुपारी रंगवू नका. उन्हात लोखंड हात ठेवता येणार नाही इतकं तापतं, रंग ब्रशखालीच ओढला जातो. सकाळी सहा ते नऊ, किंवा सावली आल्यावर लोखंड निवून तळहात निवांत ठेवता येईल तेव्हा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी १० अंशांच्या आसपास उतरते आणि लोखंडावर दव पडतं. दव पडलं की चकाकीवर पांढरट झाक येते आणि वाळणं थांबतं. सूर्य वर येऊन फाटक तासभर तापू द्या, सकाळी दहाला सुरू करा, दुपारी दोनपर्यंत हात संपवा. लोखंडाचं तापमान दव धरण्याच्या तापमानापेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावं, हा सर्वमान्य नियम आहे.

पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका. दोन दिवसांची उघडीप बघा. आणि एक घरगुती मोजमाप: दार चौकटीत घासत असेल तर लाकूड फुगलेलं आहे, म्हणजे आत पाणी आहे. ते मोकळं फिरू लागेपर्यंत थांबा. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी याच दिवसांत रंगवले जातात आणि लेकरांच्या हातात जातात. निदान आठ दिवस आधी रंगवा, किंवा पाण्याचा रंग वापरा.

स्वयंपाकघराच्या दारावर फोडणीचं तेल, देव्हाऱ्याच्या चौकटीवर तुपाची काजळी, कडीजवळ हातांचा तेलकटपणा. यावर दिलेला रंग तेवढ्याच ठिकाणी चिकट राहतो. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने, मग पूर्ण वाळू द्या. सोड्याचा अंश राहिला तर तोही रंग बिघडवतो. नव्या सिमेंट प्लास्टरचंही असंच आहे. त्यातला क्षार तेलाचा साबण करतो आणि रंग कधीच वाळत नाही. किमान २८ दिवस, जमल्यास दोन-तीन महिने थांबा, आणि क्षाररोधक प्रायमर वापरा. भिंतीत ओल आहे का ते बघायला दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. २४ तासांनी आत दव दिसलं तर रंग पुढे ढकला.

आणि ऑगस्टमध्येच काम उरकायचं असेल, तर घरातल्या दारांना पाण्याचं इनॅमल घ्या. ते तासाभरात बोटाला लागत नाही, चार-सहा तासांत दुसरा हात घेतं, वासही कमी. चकाकी ऑइल पेंटपेक्षा थोडी कमी असते, पण पांढरा रंग पिवळा पडत नाही. जुना ऑइल पेंट असेल तर २२० ने घासून चमक घालवल्याशिवाय त्यावर ते धरत नाही. बाहेरच्या लोखंडाला मात्र रेड ऑक्साइडऐवजी झिंक फॉस्फेट प्रायमर आणि त्यावर लवकर वाळणारं क्विक-ड्राय इनॅमल हेच बरं.

काम संपल्यावर चिंध्यांकडे लक्ष द्या. तेल, रंग, टर्पेंटाइन लागलेली कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकली की रंग वाळवणारी तीच क्रिया त्या गोळ्यात चालू राहते, उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. जवसाच्या तेलात भिजलेल्या कापडांना हा धोका सगळ्यात जास्त, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो आणखी वाढतो. प्रत्येक चिंधी वेगळी करून दोरीवर बाहेर पसरा, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. डब्यात रंग उरला असेल तर काठ पुसून, झाकण ठोकून बसवा. रंग अर्ध्याहून कमी असेल तर लहान डब्यात ओता. वर जितकी हवा कमी, तितकी साय कमी.